लॉगच्या अटी : पाठ करायच्या की पटवून घ्यायच्या?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे अकरावी-बारावीत आहेत त्यांनी लॉगचा तक्ता हाती घ्यावा. जे अजून लहान आहेत त्यांनी ताई-दादाकडून मागून घ्यावा. पहिली ओळ १० ची, शेवटची ९९ ची. या तक्त्याने कितीही मोठ्या आणि कितीही लहान संख्येचा लॉग काढता येतो. परंतु शून्याचा लॉग काढता येत नाही आणि उणे पाचाचाही येत नाही. पुस्तकात त्याचे कारण एका ओळीत दिलेले असते : पाया धन असावा, पाया १ नसावा, आणि ज्या संख्येचा लॉग काढायचा ती संख्या धन असावी. पुढे लगेच उदाहरणे सुरू होतात.

या एका ओळीविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे. मी भौतिकीचा प्राध्यापक आहे, गणिताचा नव्हे. पण आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगचा तक्ता चालतो. त्यामुळे प्रयोगशाळेत पहिला महिना मलाच लॉग शिकवावा लागतो.

एक प्रश्न आणि माझे चुकलेले उत्तर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातील एका खेड्यातून रोज एस.टी.ने बारामतीला येणारी एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. फळ्यावर पुढील उदाहरण होते :

लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १

दोन लॉगांची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, म्हणून क्ष गुणिले (क्ष − ३) बरोबर १०. वर्गसमीकरण सोडवले की क्ष = ५ किंवा क्ष = −२ अशी दोन उत्तरे येतात. मी −२ वर काट मारली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, −२ घातले तर −२ गुणिले −५ बरोबर १० येतेच की. मग ते का खोडायचे?"

तास संपायला पाच मिनिटे उरली होती. मी म्हणालो, "ऋण संख्येचा लॉग घ्यायचा नाही अशी अट आहे, म्हणून." ती खाली बसली आणि तिने वहीत −२ वर काट मारली. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले असते. पण मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नव्हते. मी फक्त प्रश्न बंद केला होता.

माझे मत स्पष्ट सांगतो. गणितातील अट हा कोणाचा हुकूम नसतो. आपण काही गोष्टी मागितलेल्या असतात आणि त्या मिळाव्यात म्हणून जे सोडावे लागते त्याची ती नोंद असते. ती जर हुकूम म्हणून शिकवली, तर मुलांना लॉग येतो, पण विचारायची सवय जाते. हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

भाग देत देत एकापर्यंत

या अटी कोठून येतात ते आपण स्वतःच शोधून काढू. त्यासाठी फक्त भागाकार यायला हवा.

नवव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेले जैन आचार्य वीरसेन यांनी 'धवला' या आपल्या टीकाग्रंथात 'अर्धच्छेद' नावाची कल्पना वापरली आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ८ चे निम्मे ४, ४ चे २, २ चे १. म्हणून ८ चा अर्धच्छेद ३. ३२ चा ५. आजच्या भाषेत हा २ या पायाचा लॉग झाला. निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा घेतला तर 'त्रिकच्छेद', म्हणजे ३ या पायाचा लॉग. स्कॉटलंडमध्ये नेपियरने आपले लॉगरिथम १६१४ साली प्रसिद्ध केले, त्याच्या सुमारे आठशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. नेपियरचा उद्देश वेगळा होता, त्याला मोठे गुणाकार सोपे करायचे होते. पण मूळ प्रश्न तोच : या पायाने किती वेळा भागले म्हणजे १ उरतो?

१० ला २ ने भागत गेलो तर ५, २.५, १.२५ आणि मग ०.६२५ येतात. तीन वेळा भागल्यावर आपण १ च्या वर असतो, चार वेळा भागल्यावर खाली. म्हणून २ पायाचा १० चा लॉग ३ आणि ४ यांच्या मधे कोठेतरी आहे (तो सुमारे ३.३२ येतो). आणि संख्या आधीच १ पेक्षा लहान असेल, जसे एक अष्टमांश, तर भागाऐवजी तीनदा गुणावे लागते, म्हणून तिचा लॉग −३. एवढे ध्यानात ठेवा आणि आता एकेक अट तोडून पाहू.

पहिली, पाया १ घ्या. ८ ला १ ने भागा. ८. पुन्हा भागा. ८. दिवसभर भागत बसा, ८ जागचा हलत नाही. म्हणून १ पायाचा ८ चा लॉग नाही. आणि १ चा? त्याला शून्य वेळा भागले तरी १, शंभर वेळा भागले तरी १. म्हणजे बाकी सर्व संख्यांना एकही उत्तर नाही आणि १ ला वाटेल तेवढी उत्तरे. ज्या मोजपट्टीवरील सर्व खुणा एकाच ठिकाणी आहेत, तिने काय मोजणार?

दुसरी, पाया ० घ्या. शून्याने भागताच येत नाही, त्यामुळे पहिलेच पाऊल पडत नाही.

तिसरी, पाया −२ घ्या. ४ भागिले −२ बरोबर −२, त्याला पुन्हा भागले की १. वा, लॉग २ मिळाला! आता ८ घ्या : −४, २, −१, मग अर्धा. एकाला चुकवून आपण पुढे गेलो. १० च्या वेळी आपण 'तीन आणि चार यांच्या मधे' असे म्हणू शकलो, कारण संख्या क्रमाने उतरत होती. येथे ती धनाकडून ऋणाकडे उड्या मारते, म्हणून 'मधे' या शब्दाला अर्थच राहत नाही.

मधले घातांक जबरदस्तीने घ्यायचे म्हटले तर आणखी घोटाळा होतो. −२ चा अर्धा घात म्हणजे −२ चे वर्गमूळ, ते वास्तव संख्यांत नाही. एक तृतीयांश घात मात्र आहे, कारण घनमूळ निघते. त्याहून मौज अशी की −८ चा एक तृतीयांश घात −२ येतो. पण एक तृतीयांश म्हणजेच दोन षष्ठांश, आणि −८ चा वर्ग ६४ करून त्याचे सहावे मूळ काढले तर +२ येते. घातांक तोच, नुसता वेगळा लिहिला आणि उत्तराचे चिन्ह बदलले! असा पाया कोण वापरील?

चौथी, पाया चांगला २ घ्या, पण संख्या ० घ्या. शून्याचे निम्मे शून्य. तो १ पर्यंत कधीच येणार नाही, भागा नाहीतर गुणा. पाचवी, संख्या −८ घ्या : −४, −२, −१, −अर्धा. ती शून्याच्या अलीकडे येऊन धन बाजूला कधीच जात नाही. १ पलीकडच्या बाजूला वाट पाहत राहतो.

पाहा, एका भागाकाराच्या खेळातून सर्व अटी निघाल्या. त्यात पाठ करण्यासारखे काही नाही. आणखी एक गोष्ट निघाली, जी पुष्कळ मुले चुकतात. पाया १ पेक्षा मोठाच हवा असे नाही. अर्धा हा पाया खुशाल चालतो. ८ ला अर्ध्याने भागले की १६ होतात, म्हणजे आपण दूर जातो. म्हणून भागायचे नाही, गुणायचे. तीनदा गुणले की १, म्हणून अर्धा पायाचा ८ चा लॉग −३. नुसते चिन्ह उलटे झाले.

गुळाची ढेप

शून्याची अट आमच्या भागातल्या मुलांना मी गुळावरून सांगतो. दहा किलोची ढेप निम्मी करा, त्याचे निम्मे करा, असे दहा वेळा केले की १,०२४ वा भाग उरतो, म्हणजे दहा ग्रॅमपेक्षाही थोडा कमी. चहाला टाकायचा खडा. आणखी दहा वेळा केले की दहा मिलिग्रॅमच्याही आत. गणिताच्या दृष्टीने हे चालूच राहील. दर वेळी उरलेला गूळ लहान होईल, पण 'गूळ नाही' ही अवस्था निम्मे करून कधीच येणार नाही.

लॉगच्या तक्त्यात हेच दिसते. ०.०५ चा लॉग काढताना आपण पूर्णांश '२ बार' लिहितो, ०.००५ ला '३ बार', ०.०००५ ला '४ बार'. संख्या शून्याकडे सरकते तसतसे बार वाढत जातात. शून्यापर्यंत जायचे तर बारची मोजणी संपतच नाही. म्हणून तक्त्यात शून्याला जागा नाही.

येथे एक फरक नीट ध्यानात ठेवा. लॉग ऋण असू शकतो, लॉग शून्य असू शकतो. ज्या संख्येचा लॉग घ्यायचा ती ऋण वा शून्य असू शकत नाही. परीक्षेत सर्वांत जास्त घोटाळा या दोन वाक्यांत होतो.

ओढ्याकाठचे शेत

आता कोणी म्हणेल, हे सारे वहीतले झाले. तसे नाही. त्याच विद्यार्थिनीचे वडील एकदा माती परीक्षणाचा अहवाल घेऊन माझ्याकडे आले. माळाकडच्या तुकड्याचा सामू ७.८, ओढ्यालगतच्या तुकड्याचा ८.८. ते म्हणाले, "सर, एकानेच तर जास्त आहे. एकाने काय बिघडते?"

सामू म्हणजे पीएच. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी ही मोजणी १९०९ साली सुचवली. पाण्यातील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा १० पायाचा लॉग घ्यायचा आणि त्याचे चिन्ह बदलायचे. आपण वर पाहिले, चिन्ह बदलणे म्हणजे पाया उलटा करणे. तेव्हा सामू हा एक दशांश पायाचा लॉग आहे! म्हणूनच आम्लता वाढली की सामू उतरतो. आणि सामू एकाने वाढला म्हणजे हायड्रोजन आयन एकाने कमी झाले नाहीत, ते एक दशांश झाले. नुसता ०.३ ने वाढला तरी ते निम्मे होतात, कारण २ चा लॉग ०.३०१० आहे. तक्त्यात पाहून घ्या.

तेव्हा ७.८ आणि ८.८ या शेतांत दहापटीचा फरक होता. सामू ८.५ च्या वर गेला की जमीन चोपण होत असल्याची शंका घेतात. मग सोडियमचे प्रमाण तपासतात, निचऱ्याची सोय पाहतात, जिप्समचा विचार करतात. मी त्यांना हे सांगितले आणि पुढचा सल्ला शेतीतज्ज्ञांकडून घ्यायला लावला. हा प्रश्न आमच्याकडे नवा नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे आले, ऊस आला, आणि जेथे निचरा नव्हता तेथे क्षारही वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील आपला अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला होता. सोरेनसेनचा सामू त्याच्या एकच वर्ष आधीचा!

आता अटीकडे पाहा. पाण्यात हायड्रोजन आयन कितीही कमी झाले तरी शून्य होत नाहीत, कारण पाण्याचे रेणू स्वतःच किंचित विघटित होत असतात. ऋण तर होऊच शकत नाहीत. उणे तीन आयन कोणी मोजलेत? लॉगची 'संख्या धन असावी' ही अट आणि निसर्गातील मोजणी येथे एकमेकींना बरोबर जुळतात. आणि सामू शून्य म्हणजे 'आम्ल नाही' असे नव्हे. लिटरला एक मोल हायड्रोजन आयन असलेले ते जहाल आम्ल आहे.

पुस्तकात न छापलेली अट

भौतिकीवाला म्हणून आणखी एक अट मी जोडतो. ज्याचा लॉग घ्यायचा ती नुसती संख्या हवी, तिला एकक चिकटलेले नसावे. ५ किलो गुळाचा लॉग किती? किलोत मोजला तर ०.६९९०, ग्रॅमात मोजला तर ५,००० चा लॉग ३.६९९०. गूळ तोच आणि उत्तरे दोन. शिवाय १० चा कोणताही घात करून 'किलो' मिळत नाही. म्हणून लॉग घेण्यापूर्वी भागाकार करतात. साखर कारखान्याच्या भोंग्याचा आवाज डेसिबलमध्ये सांगताना त्याची तीव्रता एका ठरावीक तीव्रतेने, म्हणजे दर चौरस मीटरला १० चा उणे बारावा घात इतक्या वॅटने भागतात, मग त्या गुणोत्तराचा लॉग घेतात. शून्य डेसिबल म्हणजे आवाज नाही असे नव्हे. ठरवलेल्या आवाजाइतकाच आवाज.

अट तोडणारेही झाले

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न पोरकट नव्हता, याला इतिहासाची साक्ष आहे. १७१२-१३ मध्ये लायब्निट्स आणि योहान बर्नुली या दोन थोर गणितज्ञांत ऋण संख्यांच्या लॉगवरून पत्रांतून वाद झाला. बर्नुली म्हणत, −५ आणि ५ यांचा लॉग सारखाच आहे. लायब्निट्स म्हणत, ऋण संख्येला खरा लॉग नाहीच. बर्नुलींचे म्हणणे मानले तर −१ चा लॉग ० होईल. पण १० चा शून्यावा घात तर १ आहे, −१ नव्हे.

अठराव्या शतकाच्या मध्यास ऑयलर यांनी निकाल दिला. संमिश्र संख्या घेतल्या तर ऋण संख्यांना लॉग आहे, पण प्रत्येकीला एक नव्हे, अनंत लॉग आहेत! विद्युत्‌ अभियांत्रिकीत आणि भौतिकीत असे लॉग खरोखर वापरतात. म्हणजे अट तोडता आली, पण 'उत्तर एकच' हे सुख त्यासाठी सोडावे लागले. शून्याला मात्र तेथेही लॉग मिळाला नाही.

आता त्या −२ चा निकाल लावू. समीकरणाच्या पहिल्याच ओळीत लॉग क्ष आहे. क्ष जर −२ असेल, तर १० चा कितवा घात −२ होतो, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. वास्तव संख्यांत त्याला उत्तर नाही. दोन लॉग एकत्र करून आपण गुणाकार केला, तेथे दोन उणे मिळून अधिक झाले आणि ही अडचण झाकली गेली. गुणाकाराला एवढेच कळते की आपण १० आहोत. आपले अवयव कोण, हे त्याला कळत नाही. −२ हे उत्तर बरोबर आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हे सांगायला मला पुढच्या तासाची वीस मिनिटे लागली. माझे काही सहकारी म्हणतात, अभ्यासक्रम संपवायचा असतो, प्रत्येक अटीचे कारण सांगत बसलो तर मार्च येईल. त्यांची अडचण खरी आहे, मीही ती रोज भोगतो. पण लॉग मुलांना रसायनात, भौतिकीत, शेतीत पुन्हा पुन्हा भेटणार आहे. वीस मिनिटे वाचवून आपण त्यांना वर्षानुवर्षे पाठांतर करायला लावतो, ही बचत नव्हे. परीक्षेतही 'लॉगच्या अटी लिहा' या प्रश्नाऐवजी 'पाया −२ घेतला तर काय बिघडेल ते दाखवा' असा प्रश्न दोन गुणांना जरूर विचारावा, असे माझे मत आहे. मग ती वीस मिनिटे आपोआप मिळतील.

तोपर्यंत, मित्रहो, तुमचे काम तुम्ही करा. पुस्तकात अट दिसली की वहीच्या मागच्या पानावर ती तोडून पाहा. काय मोडते, ते लिहा. शून्याने भागू नये, १ ही मूळ संख्या नाही, या अटींवर आज रात्रीच प्रयोग करता येईल. आणि वर्गात 'अट आहे म्हणून' असे उत्तर कोणी दिले, मग ते माझ्यासारख्या प्राध्यापकाने का दिलेले असेना, तर नम्रपणे म्हणा, "सर, अट आहे हे समजले. ती का आहे, हे उद्या सांगाल का?" उद्यापर्यंत सरांनाही विचार करावा लागेल, आणि त्यात दोघांचाही फायदा आहे.